विरोधाची खुर्ची

सोलापूर,
८ जानेवारी २०२४

अण्णा,

नमस्कार. आपलं शनिवारचं माहितीपट मंडळ संपलं. सरळच सांगते. ग्रुपवर तुम्ही येत नाही आणि आलात तरी तिथं फुलं आणि गुड मॉर्निंगशिवाय काही सापडणार नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची आपली खोली आता अभ्यासिका झालीय. परवा मुद्दाम जाऊन आले. आपण पडदा लावायचो त्या भिंतीला टेबलं लागलीत आणि प्रत्येक टेबलावर एकेक पोरगं पोलीस भरतीचं पुस्तक उघडून बसलेलं. वाईट तरी कुणाला म्हणायचं? पण एकाही पोरानं मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही, त्याचा मात्र राग आला. खोली आमची होती रे बाबांनो, असं म्हणावंसं वाटलं आणि जिना उतरले.

तसंही उरलो होतो किती? मी, सिद्धप्पा मास्तर आणि फिल्म सुरू झाली की घोरणारे ते वकील. मास्तर मुलाकडं बेंगळुरूला गेले. वकील आता घरीच झोपतात म्हणे. तुम्ही तर तुमच्या घरच्या मायाक्का गेल्यापासून दोन वर्षांत मंद्रूप सोडलंच नाहीत. तासाभराचा एसटीचा रस्ता, पण जणू समुद्रापलीकडं जाऊन बसलात.

खोली सोडताना मी एकच वस्तू उचलून आणली. आपली लाल खुर्ची. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाई, ही तुटकी कशाला नेता?" मी म्हटलं, ही विरोधाची खुर्ची आहे, तुला नाही कळायचं. त्याला कसं सांगणार की फिल्म संपल्यावर आम्ही तोंड मिटून घरी जायचो, मत लिहून आणायचो, पुढच्या शनिवारी वाचायचो, आणि ज्याची पाळी असेल त्यानं या खुर्चीत बसून फिल्मच्या विरोधातच बोलायचं, मनातून आवडली असली तरी! आणि खुर्चीतल्याला उत्तर दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही. त्या नियमापायी कितीदा माझी शेवटची सिटी बस चुकली.

आता त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. ते मला बघवत नाही.

तर माझं म्हणणं असं. आपण दोघं चालू ठेवू. मी पेनड्राइव्हमध्ये फिल्म घालून पोस्टानं पाठवीन, तुम्ही टीव्हीला लावून बघा आणि लिहा. खुर्ची पाळीपाळीनं. ज्याची पाळी असेल त्यानं पत्रावर वर लिहायचं, 'खुर्ची माझी'. आणि फोन नको. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलाय. फोनवर माणसं वाद घालत नाहीत, नुसती हं हं करतात.

सोबत पहिली फिल्म आहे. खुर्ची तुमची.

तुमची,
वैजयंती


मंद्रूप,
१९ जानेवारी २०२४

वैजयंतीअक्का,

खुर्ची माझी.

पाकीट पोचलं. पोस्टमननं आत काय हाय म्हणून चाचपून बघितलं. म्हटलं सिनिमा हाय. तो हसत गेला. मी बोलतो तसंच लिवणार, शुद्धलेखन तुमच्यापाशी ठेवा.

फिल्म बघितली. कोकणातली म्हातारी. पोरगं तिकडं दुबईत वारलेलं, आन घरच्यांनी म्हातारीला सांगितलेलंच न्हाय. त्येच्या नावानं पत्रं लिवत्यात आन तिला वाचून दावत्यात. म्हातारी खूश. आन मग ती फिल्मवाली बाई शेवटाला कॅमेरा लावून तिला खरं सांगून मोकळी होती. म्हातारी कितीतरी वेळ नुसती भिंतीकडं बघती, आन आपुन तिच्याकडं बघतो.

मी विरोधात हाय अक्का, आन ह्या बारीला खुर्ची नसती तरी विरोधातच असतो. घरच्यांनी झाकलं ते मायेनं झाकलं. ह्या बाईला उघडायला कुणी बोलिवलं? म्हातारीला खरं कळावं म्हणून सांगितलं, का खरं कळल्यावर तिचं तोंड कसं हुतंय ते टिपायला सांगितलं? दुसरंच हाय ते. झाकलेलं झाकून ठेवायची बी ताकद लागती.

तुमी म्हणाल ह्यो आता तहानेवर येणार. व्हय, येणार की! आरोग्य खात्याच्या फिल्मच्या गाडीवर मी उभी हयात काढली. पाण्यातनं हुनाऱ्या नारूच्या रोगाची फिल्म किती गावात दावली त्येचा हिशोब न्हाय. पाणी गाळून प्या, एवढंच सांगायचं हुतं तिच्यात. सायेब लोक आलं, मोठमोठं बोललं. पर एकदा आमच्या मंद्रुपात दावली तवा घरी येऊन मायाक्काला इचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "लई चांगली. त्यातलं पाणी बघून तहान लागली." बास. फिल्म कशी असावी ह्येच्यावर त्येच्याहून भारी वाक्य मी कुणाचं ऐकलं न्हाय. तुमची कोकणातली फिल्म बघून मला कसलीच तहान लागली न्हाय, नुसतं घशाला कोरड पडली.

टीव्ही बघता बघता मधी एकदा "बघ की गं" म्हणालो. घरात कुणी न्हाय. शेळ्या दोन आन मेंढ्या चार, त्या बाहेर.

आपला,
जोतीराम


सोलापूर,
२७ जानेवारी २०२४

अण्णा,

काय पत्र लिहिलंत! दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भांडावंसं वाटलं. किती महिन्यांनी असं झालं.

तुमचं मला साफ अमान्य आहे. माया माया म्हणता, पण सगळं घर जाणतं आणि ती एकटी जाणत नाही, यात कसली माया? तिला तिच्याच घरात परकं केलं त्यांनी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, आणि जिचं पोरगं ती मात्र पत्र ऐकून हसतेय. माणसाला खरं सांगायचं नाही म्हणजे तो ते पेलणार नाही असं आपणच ठरवून टाकायचं. हा अधिकार कुणी दिला? फिल्मवालीनं सांगितलं ते उत्तम केलं. मी असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आणि तुमची ती तहान! अण्णा, बारा वर्षं मंडळात ऐकतेय. कुठलीही फिल्म असो, बर्फातल्या अस्वलांची असो की कापड गिरणीच्या भोंग्याची, तुम्ही फिरून फिरून मायाक्काच्या तहानेवर. एकदा सिद्धप्पा मास्तर म्हणालेसुद्धा होते, जोतीरामच्या बायकोला मंडळाचं अध्यक्ष करून टाका. त्या कधी आल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना एकदाही बघितलं नाही.

आता दुसरी फिल्म. यूट्यूबवरून उतरवून घेतली. पुण्याच्या संस्कृती नावाच्या मुलीनं पाच-सहा वर्षांपूर्वी केलेली, 'माळावरची मेंढरं'. म्हटलं तुमच्या लोकांवर आहे, तुम्हाला आवडेल. या वेळी खुर्ची माझी. तुम्ही आधी भरपूर कौतुक लिहून पाठवा, मग मी बसते फाडायला. बघूच कसे वाचवता तिला.

इकडं आमच्या खालचा यंत्रमाग बंद झाला. मालकानं विकून टाकला. लहानपणापासून तो आवाज ऐकून झोपायची सवय. आता फिल्म बघताना आवाज मोठा ठेवते, म्हणजे घरात माणसं आहेत असं वाटतं. शेजारच्यांना, असं म्हणायचं होतं मला.

वैजयंती


मंद्रूप,
६ फेब्रुवारी २०२४

अक्का,

फिल्म बघितली. परत बघितली.

मधी कातरणीच्या जागी एक बाई हाय. हिरवं लुगडं. मेंढीचं पाय धरून बसलीय, दुसरा कुणी लोकर कातरतोय. ती कॅमेऱ्याकडं वळती. तोंड उघडती. आन तितंच कापलं. पुढं नुसती लोकर, आन वारा.

असं का कापलं? काय बोलणार हुती ती? ज्येचं बोलणं घ्यायचं न्हाय त्येचं तोंड तरी कशाला दावायचं? ही चोरी हाय. बाकीची फिल्म कशी हाय मला सांगता यायचं न्हाय, माझं ध्यानच न्हवतं.

पुढचा भाग कुटं मिळतो का बघा. ज्यांनी काढली त्येंच्यापाशी असंल.

जोतीराम


सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२४

अहो अण्णा,

खुर्ची पळवलीत की हो! पाळी माझी होती, विरोध मी करायचा होता आणि तुम्ही खुशाल माझ्या आधी जाऊन बसलात. एका वाक्याचं कौतुक नाही, थेट चोरीचा आळ! पत्रावर 'खुर्ची माझी' लिहायचंसुद्धा सुचलं नाही इतकी घाई. बरं बाई, बसा. मग मीच वाचवते फिल्मला.

तो कट या फिल्ममधली सगळ्यात चांगली जागा आहे. बोलू दिलं असतं तर काय मिळालं असतं? "ऊन लई हाय" नाहीतर "पोरी, च्या घेतीस का." अशा बायका कॅमेऱ्यापुढं तोंड उघडतात ती बोलायला नव्हे, बावरून. मला तर वाटतं हातातल्या मेंढीला जितकं सांगायचं होतं तितकंच तिलाही. त्या पोरीनं नेमक्या वेळी कात्री लावली म्हणून तर तिच्यात काहीतरी आहे असा भास होतो. नाहीतर कोण लक्ष देणार होतं तिच्याकडं?

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. ट्रंक कॉलच्या काळात तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो आणि वेळ वाढवून नाही घेतली की लाइन तोडायचो. लोकांची अर्धी वाक्यं माझ्या कानात अजून आहेत. पुरी ऐकलेली एकही आठवत नाही.

आता द्या उत्तर! या वेळी सोडणार नाही तुम्हाला.

वैजयंती


सोलापूर,
२ एप्रिल २०२४

अण्णा,

दीड महिना होऊन गेला, उत्तर नाही. पहिले काही दिवस वाटलं, जोरदार काहीतरी जुळवताय. मग वाटलं, पोस्टानं घोळ घातला. मग नियम मोडून फोन लावला. घंटा वाजत राहते. एकदा कुणीतरी उचलला, मागं मेंढ्या ओरडत होत्या आणि मी हॅलो म्हणताच बंद झाला. ते तुम्हीच होतात हे मला कळलं. जन्मभर तेच काम केलंय, श्वासावरून माणूस ओळखते.

मी काही वावगं लिहिलं का? माझी जीभ मेली फटकळ. पण ती खुर्चीतली भांडणं होती, अण्णा. आपण काय आजचे भांडतोय?

खरं सांगू का, मला भीती वाटतेय. मंडळ संपलं तेव्हा एवढी वाटली नव्हती. सकाळी दूध घ्यायला दार उघडते, संध्याकाळी कचरा द्यायला उघडते आणि मधल्या वेळात माझं कुणाशी बोलणं होत नाही. बहीण हैदराबादहून रविवारी फोन करते आणि तिच्या नातवाची शाळा सांगते. माझं एखादं मत खोडून काढावं असं वाटणारं माणूस या जगात तुम्ही एक उरलात. तेवढं तरी राहू द्या.

नुसती एक ओळ टाका. शिवी घातली तरी चालेल.

वैजयंती


मंद्रूप,
१० एप्रिल २०२४

अक्का,

काल पाडवा झाला. गुडी उभारली न्हाय. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं म्हणून लिवतोय.

ती मायाक्का हाय.

हिरव्या लुगड्यातली. कातरणी आमच्याच माळावर हाय, मागं बाभळ दिसती ती आमची. त्या दिवशी शनिवार असणार, कारण मी घरी न्हवतो. शनिवारी मी तुमच्यात, दुसऱ्याचं सिनिमे बघत. रातच्याला आलो तवा ती म्हणाली, पुण्याच्या पोरी आल्या हुत्या, फोटू काढून गेल्या. मी म्हटलं व्हय का. आन मग जेवताना मी तिला अस्वलांची फिल्म सांगत बसलो.

ती गेली तवा माझ्यापाशी तिचा आधार कार्डावरचा फोटू तेवढा हुता. त्यात ती कुणासारखीच दिसत न्हाय. आवाज तर कुटंच न्हाय. तुमची फिल्म लावली आन ती वळली. अक्का, ती माझ्याकडंच वळली की. तोंड उघडलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आयकायला.

तवापास्नं रोज बघतोय. रोज तितंच तुटतं.

तुमचा राग न्हाय. तुमाला काय म्हाईत? फकस्त मेंढीचं लिवलं ते नगं हुतं.

जोतीराम


सोलापूर,
१५ एप्रिल २०२४

अण्णा,

काय लिहू? तुमच्या पत्रावर खुर्ची नव्हती. दिसत होतं मला ते आणि तरीही मी त्याचा खेळच केला. बारा वर्षं आपण आवडलेल्या फिल्मांना शिव्या घालत आलो, म्हणून जेव्हा एक माणूस खरंच रडत होता तेव्हा मला वाटलं पाळी चुकली. मायाक्काबद्दल जे लिहिलं त्याची माफी मागण्याइतकंही तोंड नाही मला. तरी मागते.

ती पोरगी संस्कृती, तिला शोधून काढते. जिवंत आहे आणि पुण्यात आहे एवढं कळलंय. तिच्याकडं पुढचं असेल तर ते तुमच्याकडं येईल. हा माझा शब्द.

जेवत जा वेळेवर.

वैजयंती


सोलापूर,
२० मे २०२४

अण्णा,

सापडलं.

संस्कृती आता माहितीपट करत नाही, लग्नाच्या फिल्मा करते. लग्नसराई आटोपेपर्यंत दम धरा म्हणाली. मी रोज फोन करून तिला भंडावून सोडलं. शेवटी जुनी डिस्क शोधली तिनं. मायाक्कांची आठवण तिला चांगली होती. म्हणाली, "त्या मावशींनी ताक दिलं होतं आम्हाला, आणि कट मी माझ्या मनानं केलेला नाही." का केला ते मला सांगितलं आणि पुढचा भाग पाठवला.

मी तो बघितला. बघायला नको होता, तुमचा आहे तो. पण चालतोय की नाही म्हणून लावला आणि मग थांबवता आला नाही.

आता ऐका. मायाक्का बोलतात. चांगल्या बोलतात, हसतात. त्या एक गोष्ट सांगतात, तुमच्याबद्दलची. आणि शेवटी त्या पोरीला हात जोडून म्हणतात की हे दाखवू नका, मालकांना कळू देऊ नका. म्हणून तिनं तिथं कापलं. तुम्ही चोरी म्हणालात ना? चोरी नव्हती ती. शब्द दिला होता त्या पोरीनं, आणि पाळला.

गोष्ट वाईट नाही. तुमच्या मायाक्कांचा त्यात काडीचा दोष नाही. पण तुमच्यापाशी जे एक आहे, ज्यावर तुम्ही इतकी वर्षं जगलात, त्याला धक्का लागेल. आठ दिवस झाले, पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर पडलाय. पाकिटावर तुमचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले.

हसा मला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं म्हणणारी हीच बाई. कोकणातली फिल्म मी परत लावून बघितली. या वेळी ती म्हातारी भिंतीकडं बघायला लागली तेव्हा मीच टीव्ही बंद केला.

तुम्ही म्हणाला होतात, झाकलेलं झाकून ठेवायची ताकद लागते. तुम्ही म्हणाल तर मी हे झाकून ठेवीन. तुम्ही म्हणाल ते.

वैजयंती


मंद्रूप,
२५ मे २०२४

अक्का,

पाठवा.

मी तवा झाकावं म्हटलं ते दुसऱ्याच्या म्हातारीचं हुतं. आता कळलं की आत कायतरी हाय, आन तुमाला म्हाईत, पुण्यातल्या पोरीला म्हाईत, फकस्त मला न्हाय. असं कसं जेवण जाईल?

मायाक्कानं नगा सांगू म्हटलं ते मला वाईट वाटंल म्हणून म्हटलं असंल. तिची रीतच ती. बत्तीस वर्सं संसार केला, एकदाबी आमचं भांडण झालं न्हाय. मला वाटायचं लई नशीब हाय. आता घर रिकामं झाल्यावर वाटतं, एकदा तरी ती माझ्यासंगं भांडली असती तर आता आठवायला काय असतं.

पाठवा. काय असंल ते असू द्या. तिचं वाक्य पुरं हुऊ द्या.

जोतीराम


मंद्रूप,
११ जून २०२४

वैजयंतीअक्का,

खुर्ची मायाक्काची.

पाकीट आलं त्याला हप्ता झाला. लगेच लावलं न्हाय. मेंढ्या सोडल्या, आंघोळ केली, सदरा घातला, मग लावलं. तुमी बघितलंय, तरीबी लिवतो. तिचं बोलणं माझ्या हातानं एकदा लिवायचं हाय.

ती वळती, तोंड उघडती, आन ह्या बारीला तुटत न्हाय. म्हणती, "आमचं मालक बी सिनिमा दावत्यात. गाडी हाय त्येंची. गावात आणला हुता एकदा, नारूचा. समदं गाव गेलं. म्या न्हाय गेले, मेंढी व्यायला अडली हुती माजी. मालक घरला आलं, इचारलं कसा हुता. म्हटलं लई चांगला. पाणी बघून तहान लागली."

ती पोरगी इचारती, न बघता कसं सांगितलंत मावशी?

"आवं, सिनिमा सुटला तशा बाया माज्या रांजणावर आल्या की! पदर लावून गाळून गाळून प्याल्या. जल्मात कदी गाळत न्हवत्या. म्हटलं, आज ह्यास्नी पाण्याचंच कायतरी दावलं असंल. अन् चांगलं दावलं असंल." आन हसती. अक्का, तशी हसायची ती, हात आडवा धरून. मी इसरलो हुतो.

मग हात जोडती आन म्हणती, "ह्ये दावू नगासा हां. मालकास्नी कळलं तर वंगाळ वाटंल. ते वाक्य लई जणास्नी सांगत्यात ते."

मला राग आला. खोटं कशाला बोलायचं, लई राग आला. टीव्हीवर वरडलो. म्हटलं, एवढी वर्सं मला येड्यात काढलंस व्हय गं! मग शेजारच्या गुरम्माकडं गेलो. ती हुती त्या बायांत. तिला इचारलं, नारूचा सिनिमा आला तवा मायाक्का कुटं हुती? ती म्हणाली, "मेंढ्यांच्या वाडग्यात की. कोकराला वडत हुती बिचारी. गावाला म्हाईत हाय." गावाला म्हाईत हाय, अक्का! तुमच्या कोकणातल्या म्हातारीच्या जागी मीच निघालो.

घरी आलो आन परत लावलं. सांजच्यापतुर लावत हुतो. राग कवा गेला कळलं न्हाय. मी मशीनपाशी उभा हुतो त्या दिवशी, पडद्याकडं बघत. बायांच्या बाजूला एकदा मान वळवली असती तर ती न्हाय हे दिसलं असतं. मी पडदा बघितला. ती बायांनी पाणी कसं पिलं ते बघत हुती. फिल्म कुणी नीट बघितली, तुमीच सांगा.

आता मंडळाच्या नियमानं खुर्चीतल्याला उत्तर द्यायला लागतं. कागद घेऊन बसतो. वर 'मायाक्का' लिवतो आन पुढं काय सुचत न्हाय. दोन कागद गेलं. ती हुती तवा तिला कदी पत्र लिवलं न्हाय, सवय न्हाय. घर लई गप हाय अक्का. आधी गप हुतं तवा वाटायचं तिला काय बोलायचं न्हवतं. आता वाटतं बोलायचं हुतं, आन मी अस्वलं सांगत बसलो.

म्हणून एक काम सांगतो. ती नारूची फिल्म कुटं मिळती का बघा. तुमी पुण्याची पोरगी हुडकली, ही बी हुडकाल. गाडी मोडीत काढली तवाचा पडदा माझ्याकडं हाय, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, पर चालंल. बाभळीला बांधतो. मायाक्काला दावायची राहिलीय ती फिल्म.

मिळाली की तुमीच घेऊन या. लाल खुर्ची बी आणा, कंडक्टरला सांगा, लगेज लावंल. तिच्यावरचं इस्त्रीचं कपडं काढून आणा. ती तिच्यासाठी मांडू. तुमाला घरातली देतो.

पाण्याची बाटली आणू नगा. रांजण भरून ठेवतो.

जोतीराम